कडीचा आवाज

रविवारच्या फोनवर आई बोलत होती, तेवढ्यात तिच्या मागून बाबा बाथरूममध्ये गेले. दार लागल्याचा आवाज आला. कडीचा आला नाही. एवढंच झालं, आणि एवढंसं आपल्याला का खटकावं हे त्याला आधी कळेना. आई शेजारच्यांच्या मुलीचं लग्न कसं जमलं, मुलाचं नाक कसं आहे, त्या नाकाबद्दल मुलीच्या मावशीचं काय मत पडलं, हे सगळं रंगवून सांगत होती. तो हो, हो का, असं म्हणत होता आणि कान मात्र तिच्या पाठीमागे लावून बसला होता. परदेशात शिकायला येईपर्यंतचा सगळा जन्म त्याने त्या घरात काढला होता. बाथरूमसमोरच्या टेबलावर, जिथे आता साखरेच्या डब्याला टेकवून फोन उभा केलेला होता, तिथेच बसून तो शाळेचा अभ्यास करायचा. बाबा आत गेले की दार, मग कडी, मग नळ, हा क्रम ठरलेला. कडी बाबांनी स्वतः बसवलेली होती आणि दाराच्या मानाने ती फारच दणकट होती. ताई म्हणायची, आत आंघोळ करतात की सोनं ठेवतात? कडी आधी खरडायची, मग तिच्या घरात खट्ट करून बसायची. तो खट्ट ऐकला की पुढची वीस-पंचवीस मिनिटं घरात कोणी बाबांना हाक मारायची नाही, हा अलिखित नियम होता. आज दार लागलं, आणि लगेच नळ सुरू झाला. मग बाबांचं गुणगुणणं. गुणगुणणं नवीन होतं, म्हणजे गेल्या काही महिन्यांतलं. ते त्याला आवडायचंही. टेलिफोन खात्यात जन्मभर तारा जोडत बसलेला माणूस निवृत्त झाल्यावर जरा खुलला, असं त्याने खोलीवरच्या जोडीदाराला कौतुकाने सांगितलं होतं.

"ऐकतोयस ना?" आईने विचारलं.

तो म्हणाला, ऐकतोय. खोटं नव्हतं.

त्याच्या आधीची पाच मिनिटं त्याला फोन बंद झाल्यावर पुन्हा आठवली. त्याने आईबाबांना सांगितलं होतं की कारखान्याच्या प्रयोगशाळेतल्या बाईंनी विचारलंय, इंटर्नशिप संपली तरी सुट्टीभर इथेच काम करशील का. पुढे मग नोकरीचंही जमू शकेल. या सुट्टीत तो घरी जाणार होता, दोन वर्षांत पहिल्यांदा. आईने कॅलेंडरवर त्या महिन्याभोवती पेनाने गोल करून ठेवला होता आणि तो गोल दर रविवारी कॅमेऱ्यासमोर नाचवला जायचा. तेव्हा त्याने हे जरा चाचरत, पाय मागे ओढत सांगितलं. कोणीतरी म्हणावं, नको रे, ये तू, अशी त्याची अपेक्षा होती, आणि मग आपण थोडी कुरकुर करून कबूल होऊ असा त्याचा हिशेब होता. आई क्षणभरही थांबली नाही. राहा की, म्हणाली, इकडे तुझ्यावाचून काय अडलंय? आणि बाबा म्हणाले, लक्ष्मी टिळा लावायला आली की तोंड धुवायला जाऊ नये. एवढं बोलून ते स्वतःच तोंड धुवायला उठले. यावर तो हसला होता. आता हसू येईना. दोन वर्षं दिवस मोजणाऱ्या आईला तुझ्यावाचून काय अडलंय हे इतक्या चटकन सुचतं कसं? जावं की राहावं याचं उत्तर त्याला बाईंना पुढच्या आठवड्यात द्यायचं होतं, आणि घरून मिळालेलं उत्तर इतकं गुळगुळीत होतं की त्याला हात कुठे लावावा हेच कळत नव्हतं.

दारांच्या आवाजाचं हे वेड त्याला इथे लागलं होतं, आणि त्यात त्याचा काही दोष नव्हता. कारखाना दारांच्या सामानाचा होता: बिजागऱ्या, कड्या, मुठी, कुलपं. त्याच्या वाट्याला चाचणीची खोली आली होती. काचेच्या भिंतींची लांबट खोली, आणि तिच्यात ओळीने उभी असलेली दारं. भिंत नाही, नुसती चौकट आणि दार. दार उघडून पलीकडे गेलं तरी माणूस त्याच खोलीत. प्रत्येक दाराला हवेच्या दाबावर चालणारा एक लोखंडी हात जोडलेला होता. तो दार उघडायचा, ढकलायचा, पुन्हा उघडायचा, पुन्हा ढकलायचा. एका घरातली माणसं वर्षानुवर्षं जेवढ्या वेळा आत-बाहेर करतील तेवढी उघडझाप तो हात काही आठवड्यांत उरकायचा. रागावून बाहेर पडणारी, दबक्या पावलांनी परत येणारी, पिशव्या घेऊन खांद्याने दार लोटणारी, सगळी माणसं वगळून उरलेली उघडझाप. हवा सुटल्याचा फुस्स आणि दार बसल्याचा खट्ट. पहिल्या आठवड्यात त्याचं डोकं भणभणायचं. मग त्या आवाजात फरक ऐकू यायला लागले. हे दार आज जरा कोरडं बोलतंय, ते खालच्या बाजूला घासतंय. बाईंनी त्याला मुद्दाम हेच शिकवलं होतं. यंत्रं आकडे देतात, म्हणाल्या, पण आधी कानाला कळतं. हळूहळू तो रस्त्यानेसुद्धा दारं ऐकत चालायला लागला. ग्रंथालयाचं दार श्वास टाकल्यासारखं मिटायचं. खोलीच्या इमारतीचं दार शेवटच्या बोटभर अंतरात अडायचं आणि मग घाईने बसायचं. आई विचारायची, कामावर मित्र झाले का? तो म्हणायचा, झाले. एक तर सारखा हात पुढे करतो, असंही एकदा त्याने सांगितलं, आणि आईला फार बरं वाटलं होतं.

बाई उंच, हाडकुळ्या, कामापुरतं बोलणाऱ्या. पहिल्याच दिवशी त्यांनी त्याला एक नियम सांगितला आणि तो पाठ झाला की नाही हे परत म्हणवून घेतलं. चाचणी सुरू झाली की दाराला हात लावायचा नाही. इथे आपण काही दुरुस्त करत नाही, म्हणाल्या, इथे आपण मोडायची वाट बघतो. त्याला हे गमतीचं वाटलं होतं. आपल्याकडे कोणी असा धंदा काढला तर लोक वेड्यात काढतील, असं त्याच्या मनात आलं. तो हात पाठीमागे बांधून दारांच्या रांगेतून फिरायचा, परीक्षेत पर्यवेक्षक फिरतात तसा. बिजागरीचा प्रत्येक स्क्रू पिळून झाला की त्याच्या डोक्यावरून खालच्या पट्टीपर्यंत पिवळ्या रंगाची एक बारीक रेघ ओढत असत. स्क्रू जरा जरी फिरला तर रेघ तुटते, म्हणजे दोन तुकडे एका ओळीत राहत नाहीत. रेघ किती तुटली ते टिपायचं, एवढंच काम. तुटलेली रेघ बघून काही करायचं नाही, हेच त्यातलं अवघड काम होतं. पण ते अवघड आहे हे तोवर त्याला माहीत नव्हतं.

सोमवारी संध्याकाळी त्याने काकाला कडीचं सांगितलं. काका म्हणजे त्याच्या खोलीवरचा जोडीदार. वयाने फार मोठा नव्हता, पण त्याचा प्रबंध इतकी वर्षं चालला होता की केस पिकले, आणि नवीन येणाऱ्या मुलांनी त्याला हे नातं बहाल केलं. काका बटाटे सोलत होता. कडी मोडली असेल, म्हणाला. बाबांच्या घरात कडी मोडलेली राहत नाही, तो म्हणाला. बरं मग, विसरले असतील लावायला. तीस वर्षांत विसरले नाहीत. काकाने सुरी खाली ठेवली. घरचे लोक खोटं बोलत नाहीत रे, तो म्हणाला, ते फक्त निवडून देतात, तांदळातले खडे काढून देतात तसं. मग त्याने स्वतःच्या स्कूटरची गोष्ट सांगितली. इथे येताना तो आपली स्कूटर घरी ठेवून आला होता आणि दर फोनवर तिची चौकशी करायचा. वडील सांगायचे, एकदम मस्त, कालच पुसली. भाऊ सांगायचा, चाकात हवा भरून आणली. एकदा तर वडिलांनी ती लिटरमागे किती धावते तेही सांगितलं. तीन वर्षांनी काका घरी गेला तर स्कूटर नाही. तो निघाला त्याच महिन्यात विकली होती. तुला वाईट वाटेल म्हणून, असं म्हणाले. काका हे सांगताना हसत होता, पण बटाट्याची साल त्याने फार जाड काढली. वाईट स्कूटरचं नाही वाटलं, तो म्हणाला, वाईट त्या हवेचं वाटलं. कोणत्या चाकात भरत होते?

त्या रात्री तो लवकर पडला आणि बाबांच्या खिशाचा विचार करत राहिला. बाबांच्या शर्टाच्या खिशात पेनाशेजारी एक छोटा स्क्रूड्रायव्हर असायचा, लाल मुठीचा. माणसं चष्मा विसरत नाहीत तसे ते तो विसरायचे नाहीत. कुणाच्या घरी गेले की चहा येईपर्यंत त्यांची नजर खुर्चीच्या पायांवरून, खिडकीच्या गजांवरून, पंख्याच्या दांडीवरून फिरायची आणि एखादा सैल स्क्रू सापडला की त्यांचा चेहरा फुलायचा. मावशीच्या साखरपुड्यात मंगल कार्यालयाच्या मुख्य दाराची बिजागरी आवळताना त्यांचा फोटो आहे. त्यात मागे मावशी आहे, जराशी धूसर. सैल दिसलं की आवळायचं, ते म्हणायचे, उद्या करू म्हणालात की पडलंच समजा. त्याला स्वतःला बाराखडीच्या आधी स्क्रू कोणत्या बाजूला फिरतो ते येत होतं. तो इंजिनिअरिंगला गेला तो हुशारीने गेला असं आई सांगायची. त्याला वाटायचं, आपण त्या खिशाच्या मागोमाग चालत गेलो. गेल्या काही महिन्यांत फोनवर तो खिसा त्याने पाहिला होता का? बाबा आताशा कॅमेऱ्यासमोर बसायचे तेव्हा छातीपासून वरच दिसायचे, हात टेबलाखाली. मध्येच शाल घेतलेली असायची, उकाड्यातही. त्याने विचारलं होतं, तेव्हा आई म्हणाली होती, पंख्याचं वारं लागतं त्यांना. हे आठवून तो अंथरुणात उठून बसला, आणि मग, बसून करायचं काय, म्हणून परत आडवा झाला.

बुधवारी दुपारी ते घडलं. खोलीत तो एकटाच होता. खिडकीजवळचं दार गेले दोन दिवस जरा वेगळं बोलत होतं. खट्टच्या आधी एक बारीकसा टिक्. त्याने जवळ जाऊन पाहिलं. वरच्या बिजागरीचा वरचा स्क्रू बाहेर आला होता आणि त्याची पिवळी रेघ चांगलीच तुटली होती. लोखंडी हाताने दार ओढलं की तो स्क्रू किंचित डोकं वर काढायचा, ढकललं की आत जायचा. पाण्याखालून कोणी श्वास घ्यायला वर यावं तसा. तो बघत राहिला. त्याच्या मनात घर होतं, कडी होती, शाल होती, नक्की काय होतं हे त्याला पुढे कधी सांगता आलं नसतं. बाकावर स्क्रूड्रायव्हर पडलेला होता. यंत्र दोन उघडझापींच्या मध्ये थांबतं तेवढ्या वेळात त्याचा हात पुढे झाला, स्क्रू फिरला, घट्ट बसला, आणि मनगटाला ते ओळखीचं समाधान मिळालं, अगदी कोपरापर्यंत. दार पुन्हा उघडलं, मिटलं. टिक् गेला होता. फुस्स, खट्ट. किती स्वच्छ आवाज. तो चार पावलं मागे आला, हात पाठीमागे बांधले, आणि मग त्याच्या लक्षात आलं आपण काय केलंय ते.

त्याला काही लपवायचं नव्हतं आणि सांगायलाही तो धावला नाही. तो नुसता उभा राहिला. बाई तासाभराने आल्या, रांगेतून फिरल्या, आणि त्या दारापाशी थांबल्या. पिवळी रेघ तुटलेली होती, पण उलट्या बाजूला. स्क्रू मूळ जागेच्याही पुढे आवळला गेला होता. दार आपटून आपटून स्क्रू सैल होतात. आपटून कधी कोणी घट्ट होत नाही. बाईंनी वळून त्याच्याकडे पाहिलं आणि त्याने मान हलवली. मी, म्हणाला. का, असं त्यांनी विचारलं. सैल झाला होता, त्याने सांगितलं. हे उत्तर जगात कुठेही चाललं असतं, फक्त या खोलीत चालत नव्हतं. बाईंनी बटण दाबून यंत्र थांबवलं. ते दार अर्धवट उघडं राहिलं. इतके आठवडे हलणारी वस्तू अशी थांबल्यावर खोलीत कोणी गेल्यासारखं वाटलं. बाई चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या स्टूल ओढून बसल्या आणि शाळेतल्या मुलाला समजावतात तसं सावकाश, सोपे शब्द निवडून बोलल्या.

"तू दाराला मदत केलीस. ते आपल्याला काहीतरी सांगत होतं, आणि आता आपल्याला काहीच कळणार नाही."

चाचणी पहिल्यापासून सुरू करावी लागणार होती. नवी बिजागरी, नवे स्क्रू. त्याने वाटेल ते ऐकायची तयारी केली होती, पण बाई एवढंच म्हणाल्या की रेघ तू ओढ, आणि सुट्टीत थांबायचं की नाही ते सोमवारी सांग, माझं विचारणं तसंच आहे. त्याने बारीक कुंचला घेतला. रेघ सरळ यावी म्हणून श्वास धरला. चार स्क्रू, चार रेघा. चौथी ओढताना त्याला आईचा आवाज ऐकू आला, राहा की, इकडे तुझ्यावाचून काय अडलंय. स्वच्छ आवाज. टिक् नाही. दर रविवारी फोन लावण्याआधी तिकडे कोणीतरी सगळे स्क्रू आवळून ठेवत होतं आणि तो दर रविवारी कान लावून, समाधानाने, सगळं ठीक आहे असं टिपून घेत होता. त्याला राग आला. मग आठवलं की दोन महिन्यांपूर्वी तो तापाने चार दिवस पडून होता आणि फोनवर शर्ट घालून, भांग पाडून बसला होता.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्याने ताईला फोन लावला. ताई त्याच गावात, घरापासून हाकेच्या अंतरावर राहायची. मधल्या वारी फोन आलेला बघून तिने आधी विचारलं, बरा आहेस ना? तो म्हणाला, बरा आहे, आणि मग एका दमात म्हणाला, बाथरूमची कडी कुठे गेली?

मागे तिच्या ऑफिसातलं कोणीतरी हसत होतं. तिने बहुधा हाताने फोन झाकला, मग जिन्यात आल्यासारखा आवाज घुमला.

"तुला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. आवाज आला नाही."

मग तिने सांगितलं, आणि एकदा सुरुवात झाल्यावर तिला थांबवेना. हाताची थरथर गेल्या वर्षापासूनच होती. आधी उजवा, मग चालताना पाय अडकायला लागला. डॉक्टर म्हणाले, हे जात नाही, सावकाश वाढतं, गोळ्यांनी आवरून धरायचं. थंडीत एकदा बाबा बाथरूममध्ये पडले. कडी आतून लावलेली. आई बाहेरून दार बडवतेय, बाबा आतून म्हणतायत, ओरडू नको, लोक जमतील. ती त्यांची हौसेची कडी काही केल्या तुटेना. शेवटी बाबाच सरपटत दारापाशी आले आणि त्यांनीच ती उघडली. त्यानंतर कडी लावायची नाही असं ठरलं. ताईचा नवरा म्हणाला, मी उखडतो. बाबांनी हात लावू दिला नाही. मी बसवली, मी काढीन. चार स्क्रू काढायला त्यांना सबंध दुपार लागली. स्क्रूड्रायव्हर खाचेतून निसटायचा, खाली पडायचा, ते वाकून उचलायचे. आई स्वयंपाकघरात पाठ करून उभी होती आणि एकच भांडं घासत होती. कडी कागदात गुंडाळून त्यांनी कपाटात ठेवून दिली, आणि त्या दिवसापासून स्क्रूड्रायव्हर खिशात नाही.

"आणि ते गाणं?" त्याने विचारलं, तरी त्याला कळलं होतं.

"ते आईसाठी," ताई म्हणाली. "आत आहेत तोवर गात राहायचं. गाणं थांबलं की ती आत जाते."

तो कारखान्याच्या मागच्या बाजूला उभा होता. समोर सामान उतरवायचं मोठं लोखंडी दार होतं, ते एका बाजूने जरा खाली झुकलेलं होतं. इतक्या महिन्यांत त्याला ते दिसलं नव्हतं. ताई आता व्यवहाराचं बोलत होती. तुझं शिक्षण होऊ दे, मध्ये तुला त्रास नको, म्हणून बाबांनीच सगळ्यांना तंबी दिली होती. आणि तुला कळलंय हे त्यांना कळू देऊ नकोस हं, ती म्हणाली, त्यांना ते सहन नाही व्हायचं. बरं, तो म्हणाला. म्हणजे आता त्याच्याही हातात एक स्क्रूड्रायव्हर आला होता. उरलेला दिवस त्याने नव्या दाराजवळ काढला. नवं दार अजून काहीच बोलत नव्हतं.

रविवारी इथे सकाळ होती आणि तिथे दुपार. काका मुद्दाम बाहेर निघून गेला. फोन लागला, साखरेचा डबा हलला, चित्र तिरकं झालं, सरळ झालं. आई ठेवणीतला चेहरा घेऊन बसली होती. मागे बाबा, छातीपासून वर. बाईंना कळवलंस का, बाबांनी विचारलं. उद्या कळवायचंय, तो म्हणाला. कळव, राहतो म्हणून, इथे आहे काय एवढं येऊन बघण्यासारखं, बाबा म्हणाले आणि उठले. उठताना त्यांनी खुर्चीची पाठ धरली. हे ते नेहमीच करत असणार. तो नेहमी आईकडे बघत असणार. दार लागलं. नळ सुरू झाला, आणि गुणगुणणं. जुनंच कुठलंतरी गाणं होतं, चाल ओळखीची, सूर मात्र बाबांचा स्वतःचा. इतके महिने त्याने हे ऐकलं होतं आणि खूश होऊन बटाट्याची भाजी परतली होती. आता त्याला त्या गाण्यातली प्रत्येक जागा ऐकू येत होती. इथे वाकले, इथे तांब्या उचलला, इथे भिंतीला टेकले. आई लग्नाच्या आमंत्रणाचं काहीतरी सांगत होती. तिचे डोळे त्याच्याकडे होते आणि मान मात्र किंचित, अगदी रेघभर, दाराकडे वळलेली होती.

गुणगुणणं थांबलं.

आई बोलत राहिली. उलट तिने आवाज चढवला, शब्दांमध्ये फट राहू नये म्हणून घाईघाईने एकाला दुसरा जोडत गेली. तिचा एक हात टेबलाच्या कडेवर आला होता, उठायच्या तयारीत, आणि ती उठत नव्हती. त्याच्यासमोर ती उठत नव्हती. त्याला वाटलं, आपण आता फोन खराब झाल्याचं नाटक करू शकतो. नेट गेलं म्हणायचं, बंद करायचा, म्हणजे तिला जाता येईल आणि कोणालाच काही कळलेलं नसेल. सगळ्या रेघा जागच्या जागी. त्याने तसं केलं नाही.

"आई, तू जा," तो म्हणाला. "मी थांबतो इथे."

ती मध्येच थांबली. तिने त्याच्याकडे पाहिलं, खूप दिवसांनी पाहिल्यासारखं, आणि काही न विचारता उठली. पडद्यावर रिकामी खुर्ची आणि भिंतीवरचं कॅलेंडर, त्याच्यावरचा तो गोल. दार उघडल्याचा आवाज आला. नळ अजून चालू होता. त्याने हात पाठीमागे बांधले होते हे त्याच्या नंतर लक्षात आलं. खुर्चीवर बसलेल्या माणसाने हात पाठीमागे बांधायचं काही कारण नसतं. मग बाबांचा आवाज आला, जरा वैतागलेला.

"अगं आहे मी. पुढचं कडवं आठवेना."

तो मोठ्याने हसला, एकटाच, खोलीत, आणि हसताना त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. तिकडे कुजबुज झाली. बराच वेळ झाली. मग बाबा आले, टॉवेलने तोंड पुसत, आणि या वेळी आईच्या खुर्चीत, फोनच्या अगदी समोर बसले. कोणी सांगितलं, असं त्यांनी विचारलं. तुमच्या गाण्याने, तो म्हणाला, तुम्ही कधी गायचात? ताईचं नाव त्याने घेतलं नाही. बाबांनी यावर थोडा विचार केला.

"वाईट गातो का?"

"फार."

बाबा हसले. मग त्यांनी टॉवेल बाजूला ठेवला आणि दोन्ही हात वर घेऊन टेबलावर ठेवले, तपासायला दिल्यासारखे. उजवा हात थरथरत होता. हात थरथरत होता म्हणून टेबल, टेबल म्हणून साखरेचा डबा, आणि डब्याला टेकलेला फोन. त्याच्यासमोरचं सगळं घर बारीक थरथरायला लागलं, कॅलेंडर, बाबांचा चेहरा, मागे उभी असलेली आई. आईने चित्र स्थिर करायला, फोन उचलून घ्यायला चटकन हात पुढे केला.

"राहू दे, आई," तो म्हणाला. "दिसतंय मला."

तिचा हात तसाच थांबला. चित्र थरथरत राहिलं. मग तो म्हणाला की सुट्टीत मी येतोय, बाईंना उद्या तसं सांगतो. आता कोणीतरी, कशाला, असं म्हणेल म्हणून तो वाट बघत होता. आई बाबांकडे बघत होती. बाबांनी आपल्या हाताकडे पाहिलं, मग मान वळवून बाथरूमच्या दाराकडे.

"ये," ते म्हणाले. "त्या दाराची वरची बिजागरी सैल झालीये. कधीची."